गाण्यानें मन कां हेलावतें?

विलंबित एकतालाचें आवर्तन चाललेलें असतें. बारा मात्रांचा तो पल्ला इतक्या संथपणें ओलांडला जात असतो, कीं दोन मात्रांच्या मध्यें एखाद्यानें विडा जुळवून तोंडांत घालावा. गवई डोळे मिटून स्वरामागून स्वर लावीत आहे. तबलजी ठेका धरून बसला आहे. आठवी मात्रा जाते, नववी जाते. बंदिशीच्या मुखड्याचा अजून पत्ता नाहीं. बैठकींतील जाणते लोक मांडीवर बोटांनीं मात्रा मोजूं लागतात. न जाणणारे, कां कोण जाणे, थोडे पुढें सरकून बसतात. शेवटीं, आतां हा चुकणार असें वाटत असतांनाच, गवई मुखडा उचलतो आणि नेमका समेवर येऊन उतरतो. शंभर माना एकदम हालतात, कोणाच्या तोंडून वाहवा निघून जाते, आणि कोपऱ्यांत खांबाला टेकून बसलेल्या एखाद्या गृहस्थाच्या हातावर कांटा उभा राहतो.

त्या गृहस्थाला कोणी विचारलें, कीं असें झालें तरी काय, तर त्याला धड उत्तर देतां यावयाचें नाहीं. त्याला कोणी शुभवर्तमान सांगितलेलें नसतें. त्याच्यावर कांहीं संकट ओढवलेलें नसतें. खोलींतील हवा थोडा वेळ एका विशिष्ट प्रकारें कांपली, यापलीकडे तेथें कांहींहि घडलेलें नसतें. नाटकांतील सीतात्याग पाहून प्रेक्षक रडतो याचें नवल वाटत नाहीं. कारण तेथें रडण्याजोगें कांहीं घडलेलें दिसतें. चित्रांत निदान चेहरा असतो. तोडी रागांत कोण मेलें आहे? बंदिशीच्या शब्दांकडे बोट दाखवावें, तर आलापींत आणि तानेंत ते शब्द केव्हांच विरून गेलेले असतात आणि त्यांची उणीव कोणालाहि भासत नाहीं. तराण्याला तर सार्थ शब्दांची फारशी गरजच पडत नाहीं, आणि त्यानेंहि अंगावर शहारे येतात.

हा प्रश्न जुना आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वींच्या नाट्यशास्त्रांत भरतानें आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय. ही यादी नीट पाहण्याजोगी आहे. यांतील प्रत्येक गोष्ट शरीरावर दिसणारी आहे. आज प्रयोगशाळांत श्रोत्याच्या कातडीला, छातीला आणि बोटांना यंत्रें लावून घाम, रोमांच आणि नाडीचे ठोके मोजतात. मोजावयाचें काय, याची याद मात्र भरतानें आधींच करून ठेवली होती. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं हिशेबाच्या खात्यावर अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर लिहिला. त्याच्या घराण्यांत वैद्यकी होती. गाण्याच्या या ग्रंथांत स्वरांकडे वळण्यापूर्वीं गर्भाची उत्पत्ति आणि देहाची रचना वर्णिली आहे. प्रथमच वाचणाऱ्यास हें प्रकरण चुकून भलत्याच पोथींतून येथें येऊन पडलें असावें असें वाटतें. परंतु नाद हा देहांतून निघतो आणि देहावरच उमटतो, ही त्या हिशेबनिसाची समजूत अगदीं पक्की होती.

कोणत्या स्वरानें कोणता रस उत्पन्न होतो, हेंहि भरतानें सांगितलें. मध्यम-पंचमांनीं हास्य आणि शृंगार, षड्ज-ऋषभांनीं वीर, रौद्र आणि अद्भुत, गंधार-निषादांनीं करुण, आणि धैवतानें बीभत्स व भयानक. पुढील काळांत ही वांटणी पुष्कळांनीं पाठ केली आणि फारच थोड्यांनीं ती कानांनीं पारखून पाहिली. वस्तुतः भरताचें म्हणणें सुट्या स्वराविषयीं नव्हतेंच. जो स्वर जातिगायनांत अंश, म्हणजे प्रमुख, होईल त्याविषयीं तें होतें. हा भेद लहान दिसतो, पण सगळें मर्म त्यांतच आहे, आणि तें ध्यानीं येण्यास मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग एकामागून एक ऐकावे. तिहींचे स्वर तेच सहा आहेत: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. पंचम तिहींतहि वर्ज्य. तरीहि मारवा ऐकतांना जीव टांगणीला लागतो, पूरिया मनाला खोल आणि गंभीर करतो, आणि सोहनी तार सप्तकाकडे झेप घेऊन उत्तररात्रीं एखाद्यानें खिडकी उघडावी तशी तरतरी आणते. भाव जर स्वरांतच सांठविलेला असता, तर एकाच कोठारांतून तीन निराळीं धान्यें निघालीं नसतीं.

मारव्यांत निराळें काय घडतें, तें पाहण्यासाठीं तंबोऱ्याकडे वळावें लागतें. मिरजेस पंढरपूरकडील भोपळ्यांपासून बनलेला तो तंबोरा बैठकींत सर्वांच्या मागें असतो आणि बहुतेकांच्या लक्षांतहि राहत नाहीं. त्याच्या घोडीवर तारेखालीं दोऱ्याचा एक तुकडा सरकवून जवारी लावतात. त्यामुळें एकेका तारेंतून उपस्वरांचा एवढा मोठा समुदाय निघतो, कीं ध्वनिशास्त्राच्या रूढ नियमाप्रमाणें जे उपस्वर मुळीं उमटूंच नयेत तेहि त्यांत ऐकूं येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या गोष्टीची शास्त्रीय चिकित्सा केली. पण श्रोत्याच्या दृष्टीनें तंबोऱ्याचें मुख्य काम याहून साधें आहे. तो अखंड षड्ज सांगत राहतो. घर कोठें आहे, हें तो सांगत राहतो. एकदां घर ठरलें, म्हणजे प्रत्येक स्वराला त्या घरापासूनचें अंतर प्राप्त होतें, आणि अंतराबरोबर ओढ प्राप्त होते. कोमल ऋषभ षड्जाच्या उंबरठ्यावरच उभा असतो आणि त्याला आंत यावयाचें असतें. निषादाला वर चढून त्याच घरीं पोंचावयाचें असतें. मारवा गाणारा कलावंत नेमका कोमल ऋषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, षड्जाच्या भोंवतालीं फिरतो आणि षड्जावर येण्याचें टाळतो. तंबोरा घर दाखवीत आहे आणि गवई घरीं जात नाहीं. दिवेलागणीच्या वेळची जी अकारण हुरहूर या रागांत ऐकूं येते, ती या टाळण्यांतून जन्मते. आणि पुष्कळ वेळानें गवई षड्जावर येऊन विसांवतो, तेव्हां श्रोत्याचा नकळत कोंडलेला श्वास मोकळा होतो.

व्हिएन्ना येथील प्रसिद्ध टीकाकार एडुआर्ड हान्सलिक यानें १८५४ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून मोठी खळबळ उडविली. त्याचें म्हणणें असें, कीं संगीताचा आशय म्हणजे नादांच्या हालत्या आकृति. राग, लोभ, विरह यांचें चित्रण संगीत करूंच शकत नाहीं. ग्लुक या संगीतकाराच्या एका नाटकांत नायक गतप्राण पत्नीसाठीं शोक करीत गातो. त्याच चालीवर ती परत मिळाल्याच्या आनंदाचे शब्द बसविले, तर तेहि तितकेच शोभतील, असा पुरावा त्यानें पुढें केला. मराठी माणसाला या पुराव्याचें फारसें आश्चर्य वाटूं नये. त्याच्या रंगभूमीवर हा प्रयोग रोजच झाला. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, त्यांतील कितीतरी चालींच्या मुळाशीं ख्यालाच्या चिजा होत्या. चिजेंतली कोणी विरहिणी गेली आणि तिच्या जागीं रुक्मिणी आली, तरी चालीनें तक्रार केली नाहीं. कीर्तनकारांनीं तर लावणीच्या चालीवर देवाचें नांव गाऊन दाखविलें आहे.

हान्सलिकचें निरीक्षण खरें आहे. त्यावरून त्यानें काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मत्सराला कोणाचा तरी मत्सर असावा लागतो, भीतीला कशाची तरी भीति असावी लागते. हें 'कशाची' आणि 'कोणाचा' संगीत सांगूं शकत नाहीं, हें मान्य. पण भावाला विषयाखेरीज एक चालहि असते. ओढ कशीहि असो, ती ताणत जाते. सुटका कशाचीहि असो, ती एकदम सैल करते. उल्हास कशाचाहि असो, तो उसळी घेतो. आणि शोक पाय ओढीत चालतो. ही चाल स्वर आणि लय हुबेहूब चालून दाखवितात. रसशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें, तर विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रसनिष्पत्ति होते. रागसंगीतांत विभावाचें आसन रिकामें असतें. तें श्रोता भरतो, आणि आपल्या पदरचें आणून भरतो. म्हणूनच एका ओळींत बसलेले दहा श्रोते एकाच मारव्यानें दहा निरनिराळ्या कारणांनीं व्याकुळ होतात, आणि प्रत्येकाला तो राग आपल्याविषयींच बोलत होता असें वाटतें.

ही चाल श्रोत्याच्या अंगीं भिनते ती मुख्यतः अपेक्षेच्या द्वारें. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ लेनर्ड मायर यानें १९५६ सालीं हा सिद्धांत सविस्तर मांडला: कान सतत पुढचें ओळखूं पाहत असतो, ओळखलेलें लांबणीवर पडलें, चुकलें किंवा अनपेक्षित वाटेनें येऊन मिळालें, म्हणजे भाव उत्पन्न होतो. ही ओळखण्याची खोड शिकवावीहि लागत नाहीं. हंगेरींतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन-तीन दिवसांच्या झोंपलेल्या बालकांना ठेक्याचें वादन ऐकविलें आणि मधूनच त्यांतील पहिला, जोराचा ठोका गाळला. दुसरा एखादा ठोका गाळला तर त्यांच्या मेंदूंत विशेष कांहीं उमटेना. पण पहिला गाळतांच मेंदूनें दखल घेतल्याची खूण यंत्रावर उमटली. ज्याला अजून आईचा चेहराहि नीट दिसत नाहीं, त्या जिवाला सम चुकलेली कळते! एकतालाच्या बारा मात्रा त्याला अर्थातच कळत नाहींत, पण मोजदादीचें बीज तो जन्मतःच घेऊन येतो.

मुखड्याची वाट पाहत पुढें सरकलेल्या श्रोत्याच्या डोक्यांत काय चाललेलें असतें, याचा शोध माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत लागला. तेथील संशोधकांनीं, संगीत ऐकून ज्यांच्या अंगावर हटकून रोमांच येतो अशीं आठ माणसें निवडलीं आणि त्यांना त्यांच्याच आवडीचें वाद्यसंगीत ऐकवून त्यांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. २०११ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. डोपामाइन नांवाचें एक द्रव्य मेंदूंत असतें. भुकेल्याला अन्नाची आणि जुगाऱ्याला डावाची जी ओढ लागते तिच्याशीं त्याचा निकट संबंध आहे. रोमांचाच्या क्षणीं हें द्रव्य मेंदूच्या एका खोल भागांत स्रवलें, हें अपेक्षितच होतें. परंतु तो क्षण येण्याच्या कांहीं सेकंद आधीं, नुसत्या चाहुलीनें, तें शेजारच्या दुसऱ्या भागांत स्रवूं लागलेलें आढळलें. म्हणजे वाट पाहण्याचें सुख एका ठिकाणीं आणि भेटीचें सुख दुसऱ्या ठिकाणीं, अशी तेथें व्यवस्था आहे. विरह आणि मीलन यांचे पाट निरनिराळे मांडणाऱ्या शृंगाराच्या कवींना हें ऐकून आनंद झाला असता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर बार्सेलोना येथील प्रयोगांनीं २०१९ सालीं दिलें. डोपामाइनचें कार्य वाढविणारें औषध दिलें तेव्हां श्रोत्यांचा संगीतानंद वाढला, आणि रोखणारें दिलें तेव्हां तो उतरला.

त्याच बार्सेलोनांत २०१४ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. कांहीं माणसें अशीं आढळलीं, कीं त्यांचे कान निर्दोष, बुद्धि शाबूत, आणि पैसे जिंकल्यास त्यांना इतरांइतकाच हर्ष होतो. गाण्यांतील भाव कोणता हेंहि तीं ओळखूं शकतात. पण गाण्यानें त्यांना सुख म्हणून होत नाहीं. अशा माणसांना 'अरसिक' म्हणून हिणवण्याची चाल सर्वत्र आहे, आणि संस्कृत सुभाषितकारांनीं तर त्यांना शिंगें-शेपूट नसलेल्या पशूंतच काढलें. तो अन्याय होय. कानाकडून मेंदूच्या सुखकेंद्राकडे जाणारी वाट त्यांच्यांत फारशी वाहती नसते, एवढाच त्यांचा अपराध.

येथें एक अडचण उभी राहते. अपेक्षेवरच सगळा डोलारा असेल, तर शंभर वेळां ऐकलेली ध्वनिमुद्रिका एकशेंएकाव्या वेळीं रोमांच कसा आणते? पुढें काय येणार हें तर मुखोद्गत असतें. याचें उत्तर तिहाईंत सांपडतें. तबलजी एक बोल तीन वेळां वाजवून तिसऱ्याचा शेवट समेवर आणतो. पहिल्यानें तो बोल सांगतो, दुसऱ्यानें पटवितो. तिसऱ्याच्या वेळीं सगळ्या बैठकीला शेवट ठाऊक असतो, आणि नेमक्या त्या तिसऱ्याच्याच वेळीं माना वर उचलल्या जातात. ठाऊक असणें आणि वाट पाहणें या दोन गोष्टी मनाच्या निरनिराळ्या दालनांत चालतात. बुद्धीला शेवट पाठ असला, तरी कान दर खेपेस पहिल्यापासून मोजतो. आजीला गोष्ट पुन्हां सांग म्हणणाऱ्या मुलाला शेवट ठाऊक नसतो असें थोडेंच आहे?

अपेक्षेनें सर्व उलगडा होतो असें मात्र समजूं नये. स्वराला माणसाच्या आवाजाची ओळख आहे. दुःखी माणूस सावकाश, खालच्या पट्टींत आणि शब्दाचा शेवट खालीं सोडीत बोलतो. आनंदी माणसाचा आवाज चढा आणि चपळ होतो. वाद्यानें हीच लकब उचलली, कीं कान फसतो. किंवा फसत नाहीं, एका जुन्या परिचिताला ओळखतो. पाळण्याजवळचीं गाणीं तर साऱ्या जगांत एकमेकींच्या बहिणी शोभाव्या अशा चालींचीं आहेत. ८६ लहान मानवसमूहांचीं गाणीं ६० देशांतील श्रोत्यांना ऐकवून २०१८ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. भाषेचें अक्षर कळत नसतां अंगाई कोणती आणि नाचाचें गाणें कोणतें, हें श्रोत्यांना बऱ्याच अंशीं ओळखतां आलें. कॅमेरून देशांतील माफा लोकांना पाश्चात्त्य संगीताचा गंधहि नव्हता. त्यांना तें २००९ सालच्या प्रयोगांत ऐकविलें, तेव्हां त्यांतील आनंद, विषाद आणि भय त्यांनीं नुसत्या अंदाजापेक्षां अधिक अचूकपणें ओळखलें. उलट १९९९ सालीं हिंदुस्थानी राग कधीं न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांपुढें ते ठेवले, तेव्हां त्यांना हर्ष, शोक आणि क्रोध ओळखूं आले. शांत रस तेवढा ओळखतां आला नाहीं. भरताच्या मूळ यादींतील आठ रसांत शांताचा समावेश नव्हता आणि त्याला नववें आसन द्यावें कीं नाहीं यावर आपल्याकडील पंडितांनीं शतकेंच्या शतकें वाद घातला. त्या परक्या श्रोत्यांना दोष देण्यापूर्वीं हें आठवावें.

पण देहाचा हिस्सा येथें संपतो आणि संस्काराचा सुरू होतो. बोलिव्हियाच्या अरण्यांतील चिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच गोड वाटतात, असें २०१६ सालीं आढळून आलें. जें पाश्चात्त्य कानाला निसर्गाचा नियम वाटत होतें तें बऱ्याच अंशीं घरचें वळण ठरलें. रागांच्या वेळांचीहि गोष्ट कांहींशी अशीच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं १९१० सालापासून मराठींत प्रसिद्ध केलेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या भागांत गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपानें या विषयाचा मोठा ऊहापोह केला आहे, आणि कोमल ऋषभ-धैवतांचे राग संधिप्रकाशाच्या वेळीं कां गातात याची पद्धतशीर मांडणी केली आहे. मांडणी सुंदर आहे. पण तिच्यावरून भैरव रात्रीं गाइल्यास कांहीं अनर्थ ओढवेल असें मानण्याचें कारण नाहीं. कर्नाटक पद्धतीचे गवई मैफलींत वेळेचा निर्बंध फारसा पाळीत नाहींत आणि त्यांच्या श्रोत्यांचे डोळे कांहीं कोरडे राहत नाहींत. भैरवी हा तर डोळ्यांसमोरचा दाखला. मूळचा हा सकाळचा राग मैफलीच्या शेवटीं गाण्याची प्रथा पडली, आणि आतां भैरवीचे पहिले चार स्वर कानीं पडतांच श्रोत्यांच्या मनांत निरोपाची कालवाकालव सुरू होते, चपला शोधणाऱ्यांचीहि. ही कालवाकालव भैरवीच्या कोमल स्वरांची किती आणि उठून जाण्याच्या संवयीची किती, हें वेगळें काढून दाखविणें आतां कोणालाहि जमण्यासारखें नाहीं.

संस्काराचा आणखी एक नमुना नभोवाणीच्या घरांत जन्मला. वॉल्टर कॉफमन हा मध्य यूरोपांतील यहुदी संगीतकार नाझींच्या भयानें १९३४ सालीं मुंबईस आला आणि पुढें १९४६ पर्यंत येथें राहिला. मुंबई नभोवाणी केंद्राच्या पाश्चात्त्य संगीताचें काम त्याच्याकडे होतें. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिननें वाजणारी आकाशवाणीची आरंभधून त्याच्या नांवावर आहे. ती धून ऐकून पन्नाशी-साठी उलटलेल्या कितीतरी मराठी माणसांना पहांटेचा बंब, चहाचें आधण, वडिलांची दाढी आणि शाळेची घाई आठवते, आणि घसा दाटून येतो. धुनेंत यांतील कांहींहि नाहीं. ती रचली ज्याचें घर सुटलें होतें त्यानें, आणि तिनें आठवण करून दिली लाखों लोकांना आपापल्या घराची. रिकामें आसन श्रोता कसें भरतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधूनहि मिळणें कठीण.

मग करुण गाणें माणूस मुद्दाम, पदरमोड करून कां ऐकतो, हा प्रश्न तितकासा बिकट राहत नाहीं. खऱ्या शोकांत विषय छातीवर बसलेला असतो आणि त्याला हालवतां येत नाहीं. गाण्यांतील शोकाला चाल असते, मुक्काम असतो, सम असते. तो येतो आणि वेळेवर उतरतो. शिवाय तो कोणा एकाचा नसतो. अभिनवगुप्तादि काश्मिरी पंडितांनीं साधारणीकरण म्हणून जी कल्पना मांडली, ती काव्य-नाटकांना उद्देशून होती. ती सर्वांत सहजपणें लागू पडते ती मात्र गाण्याला, असें म्हटल्यास त्यांचा अवमान होऊं नये.

हें सर्व निव्वळ विद्याविलासापुरतें राहिलें असतें, तर फारसें बिघडलें नसतें. परंतु अमुक रागानें डोकेदुखी जाते, तमुक रागानें रक्तदाब उतरतो, अशा कोष्टकांची पुस्तकें बाजारांत सुळसुळाट करून राहिलीं आहेत, आणि सुशिक्षित घरांतूनहि आजाऱ्याच्या उशाशीं यंत्र लावून तासच्या तास तीं कोष्टकें अंमलांत आणलीं जातात. एकाच सहा स्वरांतून तीन विरुद्ध भाव निघतात आणि एकाच रागानें दहा माणसें दहा कारणांनीं व्याकुळ होतात, हें ज्यानें पाहिलें त्याला रागाची पुडी बांधून देणाऱ्या वैद्याचा भरंवसा वाटणार नाहीं.

याचा अर्थ संगीताचा रोग्याला उपयोग नाहीं असा मुळींच नव्हे. फिनलंडमध्यें हेलसिंकी येथें मेंदूंतील रक्तप्रवाह अडून नुकताच झटका आलेल्या रोग्यांचे तीन गट केले. एका गटानें दोन महिने रोज निदान तासभर संगीत ऐकलें, दुसऱ्यानें पुस्तकांचें वाचन ऐकलें, तिसऱ्याला यांपैकीं कांहींच दिलें नाहीं. बाकीचे उपचार सर्वांना सारखे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृति आणि एकाग्रता इतर दोन्ही गटांपेक्षां अधिक सुधारलेली दिसली, आणि ज्यांना कांहींच मिळालें नव्हतें त्यांच्या मानानें त्यांचें मनहि कमी खचलेलें आढळलें. नुसतें वाचन ऐकणाऱ्यांना तितका लाभ झाला नाहीं. नभोवाणीवर भाषणें करणारांनीं हें फारसें मनाला लावून घेऊं नये.

त्या प्रयोगांतील एक तपशील मात्र सहज नजरेआड होण्यासारखा आहे. कोणतें संगीत ऐकावें हें त्या रोग्यांना डॉक्टरांनीं ठरवून दिलें नव्हतें. ज्याला जें आवडत होतें तें त्याला आणून दिलें. घरोघरीं याच्या उलट चालतें. अंथरुणाला खिळलेल्या, अर्धवट बोलणाऱ्या आजोबांना शांति लाभावी म्हणून मुलगा संथ बांसरी लावून देतो आणि सून मंत्रपाठ. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्यांनीं पंचवीसाव्या वर्षीं नाटकगृहाच्या मागल्या बांकावरून 'वन्स मोअर' घेतलेलें एखादें पद असतें, किंवा गांवच्या जत्रेंत चोरून ऐकलेली एखादी लावणी असते. पण आजारपणांत तें शोभत नाहीं म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि त्यांना आतां नांव सांगतां येत नाहीं. त्यांच्या बरोबरीचा एखादा मित्र हयात असेल, तर त्याला तें पद अजून ठाऊक असण्याचा संभव आहे.